बियाण्याला ठेवलेली झुरळं

ज्या माणसानं अर्ध्या शहराची झुरळं मारली, त्याचा एकुलता एक मुलगा झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायचा. लहानपणी नव्हे, चांगल्या मिशा फुटल्यावर, लग्नाला उभा राहिल्यावरसुद्धा. बाजारातले लोक पोट धरून हसायचे आणि बापाला, म्हणजे ज्यांना सगळे गोळीवाले म्हणत त्यांना, मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पिढीजात म्हणावा असा धंदा, आणि पुढची पिढी टायरच्या दुकानात नोकरीला. टायरमध्ये झुरळं नसतात, एवढंच त्या नोकरीचं कौतुक.

मग घरात सून आली. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात मोरीतून एक झुरळ निघालं. नवरा स्टुलावर, सासूबाई दाराबाहेर, आणि ही नवी नवरी खाली वाकली, झुरळ चिमटीत धरलं, उलटं करून उजेडात पाहिलं आणि म्हणाली, "मादी आहे. पोटाशी अंड्यांची डबी आहे बघा." गोळीवाल्यांच्या हातातला चहा निवला तरी ते तिच्याकडेच बघत होते. दुसऱ्या दिवशी ते तिला दुकानात घेऊन गेले. ते तिला सूनबाई म्हणत, म्हणून सगळा बाजार तिला सूनबाई म्हणायला लागला. किल्ल्या करणारा, चपला शिवणारा, अगदी तिच्या आजीच्या वयाच्या बायकासुद्धा. एवढ्या लोकांची सून होणं काही सोपं नसतं, पण ती कुणाला भ्यायची नाही.

दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली बोळकांडी आणि तिला पुढून शटर. आत एक लांब टेबल, त्यावर पत्रा ठोकलेला, आणि भिंतीला पत्र्याच्या डब्यांची रांग. त्या टेबलावर सासरे गोळ्या वळायचे. भाजलेलं पीठ, औषध आणि ग्लुकोजची पावडर. इतर औषधवाले साखर घालतात, ग्लुकोज फक्त ते घालायचे, आणि हे सांगताना त्यांची छाती दोन बोटं पुढे यायची. गोळी कोपऱ्यात ठेवली की झुरळं तिच्यावर तुटून पडत. सकाळी केरसुणीनं गोळा करा नि टाका. सासरे म्हणायचे की त्यांच्या गोळीला जिभेवर ठेवून नाही म्हणणारं झुरळ अजून जन्माला यायचंय.

त्यांच्या धंद्याची आणखी एक रीत होती, ती मात्र गिऱ्हाइकाला कधी सांगायची नसते. शेवटच्या चार झुरळांच्या मागे लागायचं नाही. नव्वद टक्के किचन साफ झालं की सामान आवरायचं, हात धुवायचे, चहा प्यायचा. उरलेली ती बियाण्याला. सगळीच मेली तर पुढच्या वर्षी बोलावणार कोण? हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटायचं नाही. उलट कुठल्या हॉटेलात कुठल्या फटीत त्यांनी बियाणं ठेवलंय हे ते बोटांवर मोजून सांगत, बायका ठेवणीतल्या साड्यांबद्दल सांगतात तसं. सूनबाईला ही रीत पहिल्या दिवसापासून खटकली होती. तिनं एकदा विचारलं, तर सासरे म्हणाले, "तू अजून नवी आहेस." ती गप्प बसली. पटली म्हणून नाही, नवी होती म्हणून.

वर्षं गेली तशी ती नवी राहिली नाही, आणि गोळीही जुनी झाली. आधी एखाद्या घरातून तक्रार यायची, मग एखाद्या हॉटेलातून. सासरे म्हणायचे, लोक घाण करतात नि आपल्या नावानं खडे फोडतात. मग म्हणाले, औषध पुरवणारा भेसळ करतो. मग औषधवाला बदलला. मग औषध दुप्पट घातलं, ग्लुकोज तिप्पट. टेबलाशी उभं राहिलं की घशात गोडमिट्ट धूळ बसायची. तक्रारी काही कमी होईनात.

आणि मग हॉस्पिटलात ते झालं. हॉस्पिटलचं किचन हे दुकानाचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याच्या जोरावर बाजारात नाव, त्या नावावर बाकीची गिऱ्हाइकं. तिथं एका पेशंटच्या सूपच्या वाटीत झुरळ निघालं. जिवंत. पेशंटच्या मुलीनं वाटी तशीच उचलून किचनच्या मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. या मॅडम म्हणजे आवाज न चढवता माणसाला घाम फोडणारी बाई. त्यांनी गोळीवाल्यांना बोलावलं, बसायला सांगितलं नाही, आणि सरळ म्हणाल्या की तीन महिन्यांनी कमिटीची तपासणी आहे. त्या दिवशी किचनमध्ये एक जरी झुरळ दिसलं तरी तुमचं काम बंद, मोठी कंपनी येईल धुराचे सिलिंडर घेऊन. सासरे घरी आले ते न जेवताच झोपले. हॉस्पिटल गेलं की महिन्याभरात बाजारभर होणार, आणि मग शटर खाली ओढायचं तेवढं उरणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. 

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपून किचन धुऊन रिकामं झालं होतं, तेव्हा सूनबाई एकटीच तिथं गेली. दिवे बंद केले, शटर ओढलं आणि पिठाच्या पिंपांमागे जमिनीवर पालथी पडून राहिली. समोर सासऱ्यांची ताजी गोळी. बॅटरीवर लाल कागद बांधलेला, कारण लाल उजेडात झुरळं पळत नाहीत, हे तिचं तिनं शोधून काढलेलं. थोड्या वेळानं एक आलं. मिशा हलवत गोळीपाशी गेलं, तोंड लावलं, आणि चटका बसल्यासारखं मागे उडालं. मग बाजूला उभं राहून तोंड पुसत बसलं. दुसरं आलं, तेही तसंच. तिसऱ्यानं तर लांबूनच वळण घेतलं. त्यांतलं एक पलीकडे सांडलेल्या लोण्याच्या थेंबाशी गेलं आणि मनसोक्त जेवलं. उपाशी तर होती, भूक तर होती. त्यांना गोळी नको होती.

तिनं हे दुकानात येऊन सांगितलं आणि झालं. सासरे गोळी वळता वळता थांबले. माझी गोळी झुरळाला कडू लागते? मग तीच शहाणी झाली असतील, म्हणाले, बघून बघून शिकली असतील, एकमेकांना सांगत असतील. हलकट जात. आणखी ग्लुकोज घालतो. सूनबाई म्हणाली की कडू लागणाऱ्याला आणखी कडू देऊन काय होणार. त्यावर ते जे बोलले ते इथं सांगण्यात अर्थ नाही, पण त्याचा मतलब असा, की लग्न होऊन आलेल्या पोरीनं त्यांना धंदा शिकवू नये.

ती काही वाद घालत बसली नाही. वाद घालून सासरे हरायचे नाहीत, हे तिला इतक्या वर्षांत कळलं होतं. त्यांना दाखवायला हवं होतं. तिनं हॉस्पिटलातून डबीवाल्या माद्या पकडून आणल्या आणि काचेच्या बरणीत ठेवल्या. दुसऱ्या बरणीसाठी झुरळं हवी होती ती गोळीच्या वाऱ्यालाही न उभी राहिलेली. अशी शहरात एकच जागा तिला ठाऊक होती, तिचं माहेर. आई झुरळं चपलेनंच मारायची. विष म्हटलं की कानावर हात ठेवायची. आईनं ओट्याखालून तिला झुरळं पकडून दिली आणि हसू दाबत म्हणाली, "मुली माहेराहून साडी नेतात. तू झुरळं ने."

दोन्ही बरण्या मागच्या खोलीत कपाटावर उभ्या राहिल्या, तोंडाला आतून तेल चोपडलेलं, वर जाळीचं फडकं. घरात जो भडका उडाला तो विचारू नका. नवऱ्यानं त्या खोलीत झोपायचंच सोडलं, उशी घेऊन बाहेर गेला. सासूबाईंनी आठवडाभर तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. आणि सासरे तर सगळ्यांत जास्त भडकले. "ज्या घराचं नाव झुरळं मारण्यावर झालं," ते शेवटी म्हणाले, "त्या घरात तू झुरळं पाळतेस?" सूनबाई म्हणाली, होय, पाळते. आणि बरण्या तिथंच राहिल्या.

दोन्ही बरण्यांत सारखं खाणं, सारखं पाणी. आणि एक गोष्ट तिला अशी दिसली, जिची तिनं अपेक्षाच केली नव्हती. गोळी नसताना माहेरची झुरळं भराभर वाढत होती, तुकतुकीत, ढिगानं. हॉस्पिटलची मागे पडत होती, किडकिडीत. गोड टाळणाऱ्याला अर्धं जेवण सोडावं लागतं, मग अंगाला काय लागणार. साध्यासुध्या घरात ही मंडळी कधीच वर आली नसती, कोपऱ्यात एखाद-दुसरी कुठं तरी रखडत राहिली असती. पण किचनमध्ये कोपऱ्याकोपऱ्यात गोळी होती. गोळी होती म्हणून ती वर आली. सूनबाई कपाटापुढे उभी राहून किती तरी वेळ तेच ते पाहत राहिली. तिला त्या किडकिडीत झुरळांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुकही वाटलं. अख्खं घराणं विष घेऊन मागे लागलंय आणि ही आपली तोंड पुसून जगतायत.

हॉस्पिटलच्या माद्यांनी डब्या टाकल्या तशी तिनं त्या बरणीतली सगळी मोठी झुरळं बाहेर काढली. पिल्लं निघाली, तांदळाच्या कणीएवढी. मग तिनं सासऱ्यांना हाताला धरून आणलं म्हणता येईल इतका हट्ट करून आणलं. त्यांच्याच हातानं वळलेली गोळी दोन्ही बरण्यांत टाकायला लावली. माहेरच्या बरणीत लहानथोर सगळी गोळीवर तुटून पडली. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर जुनं हसू आलं. मग त्यांनी दुसऱ्या बरणीत पाहिलं. कणीएवढी पिल्लं गोळीपाशी गेली, तोंड लावलं आणि मागे उडाली. एक, मग दुसरं, मग सगळीच.

"आईनं शिकवलं असेल," सासरे म्हणाले. पण आवाज आधीचा नव्हता.

"आईचं तोंडही पाहिलेलं नाही यांनी."

"मग शहाणी झाली कशी?"

"शहाणं कुणीच झालं नाही, बाबा," सूनबाई म्हणाली. "एकही झुरळ बदललं नाही. ज्यांना गोड आवडायचं ती मेली, पोरंबाळं व्हायच्या आत मेली. ज्यांना गोड कडू लागतं अशी एखाद-दुसरी आधीपासून असणार. ती तेवढी उरली. उरली त्यांनाच पोरं झाली, आणि पोरांना त्यांचीच जीभ मिळाली. तुमची गोळी नुसती मारत नव्हती. ती निवडत होती. आणि निवडून निवडून जी उरली, नेमकी तीच तुम्ही दरवर्षी बियाण्याला ठेवलीत. हॉस्पिटलची झुरळं आपणच वाढवलीत."

 नवरा दारात उभा होता, आत यायची हिंमत नव्हती. सासऱ्यांनी बरणीवरचं फडकं परत नीट बांधलं. मग ते म्हणाले, "उद्यापासून दुकानात पाय ठेवायचा नाही." आणि निघून गेले.

आता दुसरी एखादी असती तर रडली असती, नाही तर पायांवर डोकं ठेवलं असतं. सूनबाई रडली, खोटं कशाला बोला, पण भांडी घासता घासता रडली आणि भांडी घासून झाली तशी थांबली. सकाळी उठून ती सरळ हॉस्पिटलात मॅडमसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. गोळी कशी हरली, का हरली, बियाणं कसं ठेवत होतो. एक अक्षर लपवलं नाही. मॅडम ऐकत राहिल्या. त्यांच्या कपाळावरची शीर तेवढी उडत होती.

"म्हणजे माझ्या किचनमध्ये तुम्ही लोक झुरळं राखत होता," त्या म्हणाल्या. "आणि हे मला सांगायला आलीस? धंदा करायचाय की नाही?"

"करायचाय म्हणूनच सांगतेय."

मॅडमनी तिला बाहेर घालवायला हवं होतं, आणि घालवणारही होत्या. शिपायाला हाकही मारली. पण सूनबाई हलेना. ती म्हणाली, कंपनी सिलिंडर आणेल, पहिल्या दिवशी ढीग पडेल, तुम्ही खूश व्हाल. पण त्यातूनही चार उरतील, आणि ती कुठली असतील? त्या धुराला पचवणारी. एकच हत्यार घेऊन वर्षानुवर्षं मारत राहिलात तर ज्याला ते हत्यार लागत नाही तेच तुमच्या घराचा मालक होणार. मॅडम तिच्याकडे नव्यानं बघायला लागल्या. शिपाई आला त्याला त्यांनी चहा आणायला पाठवलं. वरच्या वॉर्डांतले डॉक्टर रोज हेच रडगाणं गातात, त्या म्हणाल्या. ठरलेलं औषध, अर्धवट घेतलेला कोर्स, आणि मग कशालाच दाद न देणारे जंतू. जंतूंचं कळत होतं, झुरळांचं डोक्यात आलं नव्हतं. मग म्हणाल्या की दुपारचं किचन तुझं. तपासणीत एक जरी निघालं तरी तुझं नि तुझ्या सासऱ्यांचं तोंड बघणार नाही.

दुकान बंद होतं तिला, म्हणून तिनं गोळ्या माहेरच्या ओट्यावर वळल्या. अंड्याची पूड, तेल, मीठ आणि औषध, गोडाचा कण नाही. आईनं विचारलं, सासरच्यांनी हाकललं का गं? ती म्हणाली, दुकानातून हाकललंय, घरातून अजून नाही. आणि त्या गोळीवर ती विसंबून राहिली नाही. रोज दुपारी ती किचनमध्ये शिरायची. पाईप भिंतीत शिरतात तिथल्या फटी पुटीनं बुजवायची, सिंकखालची गळती बांधायची, फळ्यांच्या सांध्यांतून व्हॅक्युमनं ओढून काढायची. भांडी घासणाऱ्या बायकांना तिनं सांगितलं, खरकटं झाकल्याशिवाय घरी जायचं नाही. त्या कुरकुरल्या. ती त्यांच्याशीही भांडली. गोळीतून वाचेल ते फटीत अडकेल, फटीतून वाचेल ते उपाशी मरेल, अशी तिची आखणी. सगळ्यांना एकदम पुरून उरणारं झुरळ इतक्यात कुठून येणार?

तेल-अंड्याच्या गोळीवर झुरळं तुटून पडली. रोज केरभरणी भरून निघायची. पण तपासणीच्या आदल्या दुपारीही चार-दोन दिसलीच. कुठून येतात कळेना. तिनं सगळं उलटंपालटं केलं होतं. गुडघे सोलले होते, नखांत पुटी भरली होती, आणि ती ओव्हनला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. इतक्यात शटर वर झालं. नवरा आला होता, टायरच्या दुकानातून सुट्टी टाकून. त्यानं तिच्या हातातली बॅटरी घेतली, स्टूल ओढलं, त्यावर चढला आणि वरून उजेड धरला. उजेड थरथरत होता. ती त्याही परिस्थितीत हसली. "हसू नको," तो म्हणाला. "बाबांना बोलावून आलोय. येतील की नाही, माहीत नाही."

सासरे आले. दारातच उभे राहिले. किचन त्यांनी कधी इतकं उघडं पाहिलं नव्हतं, सगळी पिंपं मधे ओढलेली, पत्रे काढलेले. सून जमिनीवरून उठली नाही.  ती एकदाच म्हणाली, "बाबा, बियाणं कुठं ठेवलंत ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही."

"घड्याळ उतरव," सासरे म्हणाले.

मुलानं स्टुलावरूनच भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. मागच्या झाकणात सहा-सात बसली होती. मुलगा ओरडला, पण घड्याळ हातातून सोडलं नाही, हे त्याच्या नावे लिहून ठेवायला हवं. मग सासरे एकेक जागा सांगत गेले. फ्रीजच्या दाराच्या रबरात, खालच्या बाजूनं. कणीक मळायच्या मशिनच्या मोटारीवरची पाटी, तिचे स्क्रू सोड. स्टीलच्या मोठ्या टेबलाचा चौथा पाय पोकळ आहे, त्याचं बूच काढ. सांगताना त्यांचा आवाज हळूहळू खाली गेला. प्रत्येक जागा त्यांनी स्वतः निवडलेली, वडिलांच्या रीतीनं जपलेली. शेवटच्या पायातून बाहेर पडलं ते झुरळ त्यांनी स्वतःच्या चपलेनं मारलं. मग ते उपड्या घातलेल्या बादलीवर बसले.

"संपलं," ते म्हणाले. "आता एकही नाही. पुढच्या वर्षी काय खायचं आपण?"

"पुढच्या वर्षी कुठल्या तरी पिठाच्या पोत्यातून नवी येतील," सूनबाई म्हणाली. "त्यांच्यातलं एखादं माझ्या गोळीवर थुंकेल. आज नाही तर दोन वर्षांनी. तीही थांबणारी नाहीत, बाबा, आणि मीही नाही. आपलं काम तेच आहे. त्यासाठी बियाणं ठेवावं लागत नाही."

सासऱ्यांनी मान वर केली. "आणि थुंकलं, तर तुला तुझी गोळी फेकवेल?" त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता. "माझ्याच्यानं नाही फेकवली. तुझ्या बरणीतलं बघूनसुद्धा नाही. दुकानात गेलो नि परत वळत बसलो. हात ऐकेनात."

 ती म्हणाली, बघू.

तपासणी झाली. कमिटीनं दिवे घालवून, लावून, पिंपं हलवून पाहिलं आणि त्यांना काही मिळालं नाही. मॅडमनी शाबासकी दिली नाही, पण हॉस्पिटलचं काम राहिलं. सूनबाई परत दुकानात आली, कुणी ये म्हटलं नाही, कुणी नको म्हटलं नाही. तेल-अंड्याच्या गोळीचं नाव झालं. इतकं, की लोक तिला सूनबाईची गोळी म्हणून मागायला लागले. बाकीचे औषधवाले तिची नक्कल करू लागले. टेबलाशी उभं राहून आपल्या नावाची गोळी मागणारा आवाज ऐकला की तिच्याही मानेला एक ताठा यायचा. माणूसच ती.

आणि मग एका बेकरीतून गोळी तपासायला आणलेल्या झुरळांपैकी एक, तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या गोळीपाशी गेलं, तोंड लावलं आणि मागे फिरलं. एकच. बाकीची खात होती. सासरे शेजारीच उभे होते. त्यांनीही पाहिलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. एकच तर आहे, तिच्या मनात आलं. बाजारात कुणाला कळणार आहे? अजून दोन वर्षं सहज चालेल. तिला स्वतःचाच असा संताप आला की कानशिलं तापली. हेच, अगदी हेच सासऱ्यांच्या मनात वर्षानुवर्षं येत राहिलं असणार.

तिनं भिंतीवरचे भरलेले डबे एकेक करून खाली घेतले आणि गोळ्या पोत्यात ओतल्या. तेवढ्यात दुकानापुढे एक गिऱ्हाईक आलं, चार डबे मागू लागलं. ती म्हणाली, ही गोळी बंद झाली. का, म्हणाला तो, चांगली चालत होती की. "म्हणूनच," ती म्हणाली. तो चक्रावून निघून गेला.  शेवटचा डबा ओतवेना, तो ती तसाच धरून उभी राहिली.

सासऱ्यांनी तिच्या हातातून डबा काढून घेतला आणि पोत्यात पालथा केला. पोत्याचं तोंड बांधलं. मग त्यांनी बादलीत पाणी घेतलं, बाह्या वर केल्या आणि टेबलाचा पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत घासून काढला, ग्लुकोजचा नि तेलाचा सगळा थर निघेपर्यंत. पंचा खांद्यावर टाकून ते टेबलाच्या पलीकडे, शिकाऊ माणूस उभा राहतो तिथं जाऊन उभे राहिले.

"सांग," ते म्हणाले. "आता काय घालायचं?"